चाळणी कागदाला लावा, चेहऱ्याला नको

गेल्या महिन्यात आम्ही घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. साखर कारखान्याचे आणि उसाचे हे गाव. घरातील थोरले, ज्यांना सगळे गाव चाचा म्हणते, ते सत्तरी ओलांडलेले. त्यांचा नातू चौकात झेरॉक्स आणि फोटोचे छोटे दुकान चालवतो. जेवणे झाल्यावर चाचांनी लोखंडी पेटीतून एक पाकीट काढले. त्यात हजच्या जुन्या कागदांसोबत त्यांच्या मरहूम आईचा फोटो होता. पासपोर्ट आकाराचा, काळा-पांढरा. या घरात फोटो भिंतीवर लावत नाहीत. त्याबाबत उलेमांची मते आणि घराघरांतील रीत वेगवेगळी आहे, तो आजचा विषय नाही. पण हा एक फोटो मात्र त्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षे जपला आहे.

अम्मांनी आयुष्यात फोटो काढला तो हाच. तोही हजच्या अर्जाला लागला म्हणून. त्या काळी हाजी मुंबईहून जहाजाने जात. 1995 पर्यंत ती सोय होती. मराठवाड्यातील त्या पिढीच्या कितीतरी स्त्रियांचे असेच आहे. निकाहाचा फोटो नाही, मुलाबाळांसोबतचा नाही. आहे तो हजच्या कागदासाठी काढलेला. डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, नाकात चमकी, गालांवर देवीचे व्रण आणि डाव्या भुवईजवळ एक खोल खड्डा.

फोटो खराब झाला होता. पावसाळ्यातील दमट हवेने पांढरे ठिपके पडलेले, कडेला पिवळे डाग आणि एक घडी, जी मागच्या पडद्यावरून पदर ओलांडून गालापर्यंत आलेली. नातवाने आजोबांना खूश करावे म्हणून मोबाइलने त्याचा फोटो घेतला आणि एका अॅपमध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात नवा फोटो आला. रंगीत, चकचकीत, एकही डाग नाही. त्याने तो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. 'माशाअल्लाह'चा पाऊस पडला. छत्रपती संभाजीनगरच्या एका नातेवाइकांनी तर मोठा प्रिंट काढून घेतला.

चाचांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढेच म्हणाले, "ये हमारी अम्मा नै रे, बेटा."

आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवले. चाचांचे बरोबर होते. नव्या फोटोतील बाई गोरी होती, गाल तुळतुळीत, डोळे थोडे मोठे, पदर गुलाबी. व्रण गेले, भुवईजवळचा खड्डा गेला, चमकीही गेली. नातू बिचारा ओशाळला. "मी फक्त फिल्टर लावला," तो म्हणाला. त्याची चूक नव्हती. फिल्टर म्हणजे काय आणि तो काय करतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी.

चाळणी आणि मिक्सरचे भांडे

फिल्टर म्हणजे चाळणी. पिठाची चाळणी वेगळी, रव्याची वेगळी. कोणती चाळणी घेतली यावर काय खाली पडणार आणि काय वर राहणार ते ठरते. फोटोचा फिल्टरही असाच एका ठरावीक कामाचा असतो. एक ठिपके काढतो, दुसरा कडा ठळक करतो, तिसरा रंग बदलतो.

प्लगइन म्हणजे अशा चाळण्यांचा जोड. मिक्सरची मोटर एकच असते, भांडी वेगवेगळी. चटणीचे भांडे लावले तर चटणी, ज्यूसचे लावले तर ज्यूस. तसे फोटोचे मूळ सॉफ्टवेअर एक आणि त्याला जोडायची भांडी दुसऱ्याने बनवलेली. थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी घडवलेले फोटोशॉप 1990 च्या फेब्रुवारीत बाजारात आले, तेव्हापासूनच बाहेरचा फिल्टर जोडण्याची सोय त्यात आहे. 1992 मध्ये आलेल्या 'काईज पॉवर टूल्स' या प्लगइनने तर लोकांना वेड लावले होते. आज आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमवाल्यांकडे त्वचा गुळगुळीत करणारे 'पोर्ट्रेचर' हे प्लगइन सर्रास दिसते. पैसे खर्च करायचे नसतील तर 'गिंप' हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याला जोडायचे 'जी-मिक' हे प्लगइनही मोफत आहे. फ्रान्समधील कॉन शहरातील एका सार्वजनिक संशोधन प्रयोगशाळेत 2008 पासून ते घडत आले आहे आणि त्यात शेकडो फिल्टर आहेत. आम्ही तीर्थपुरीत काम केले ते यांवरच.

यंत्राला धूळ कळत नाही

फोटोतील ठिपका फिल्टर कसा काढतो ते एका उदाहरणाने पाहू. संगणकाच्या लेखी काळा-पांढरा फोटो म्हणजे आकड्यांची जाळी. 0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा. समजा गालाच्या जागी शेजारी-शेजारी नऊ चौकोन आहेत आणि त्यांचे आकडे असे: 118, 120, 121, 119, 255, 122, 120, 117, 121. मधला 255 म्हणजे बुरशीचा पांढरा ठिपका.

आता सरासरी काढणारा फिल्टर लावला तर उत्तर येते जवळपास 135. ठिपका फिका झाला, पण गेला नाही, उलट आजूबाजूला पसरला. म्हणून दुसरा फिल्टर वापरतात, त्याला 'मीडियन' म्हणतात. तो नऊ आकडे चढत्या क्रमाने लावतो आणि बरोबर मधला, म्हणजे पाचवा उचलतो: 117, 118, 119, 120, 120. उत्तर 120. ठिपका साफ नाहीसा झाला. फोटोशॉपमधला 'डस्ट अँड स्क्रॅचेस' आणि गिंपमधला 'डिस्पेकल' हे फिल्टर याच तत्त्वावर चालतात.

फार हुशार युक्ती आहे. पण आता विचार करा, त्या जागी बुरशीऐवजी अम्मांची चमकी असती तर? चमकीही एक पांढरा ठिपकाच. किंवा गालावरचा तीळ? तो काळा ठिपका. देवीचा व्रण? तो लहान गडद खळगा. फिल्टरला बुरशी, चमकी, तीळ आणि व्रण यांत काहीही फरक दिसत नाही. शेजाऱ्यांपेक्षा वेगळा दिसला की काढून टाका, एवढेच त्याला शिकवलेले आहे. ही वाईट नियत नाही, ते त्याचे काम आहे. फरक करणारा डोळा माणसाचा लागतो, आणि त्यातही ज्याने त्या व्यक्तीला पाहिले आहे अशा माणसाचा.

आणि दुसरा, अंदाज बांधणारा

नातवाच्या अॅपने मात्र याहून पुढची मजल मारली होती. मीडियनसारखा फिल्टर निदान फोटोतलेच आकडे उचलतो. 2020 पासून फोटोशॉपमध्ये 'न्यूरल फिल्टर्स' आले, तशी अॅपही भराभर आली. यांना हजारो-लाखो चेहरे दाखवून तयार केलेले असते. जिथे फोटोत माहिती नाही, तिथे ते पाहिलेल्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज रंगवून देतात. कागदावरून पुसले गेलेले त्यांना परत आणता येत नाही, कुणालाच येत नाही. ते फक्त 'असे असू शकेल' एवढे दाखवतात आणि ते इतके सुबक असते की आपण खरे मानतो.

अंदाज कुठल्या बाजूला झुकतो, तेही पाहा. 2020 च्या जून महिन्यात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा अगदी अस्पष्ट केलेला फोटो कुणीतरी दिला. प्रणालीने तो स्पष्ट करून दिला. त्यात दिसला एक गोरा माणूस! जगप्रसिद्ध माणसाचे हे झाले. तीर्थपुरीच्या एका हाजियानीचा चेहरा त्या यंत्राने कधी पाहिला असणार?

रंगाचेही तेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवा आणि लाल दोन्ही एकाच राखाडी छटेचे दिसू शकतात. मूळ रंग कोणता होता हे त्या कागदात लिहिलेले नसते. गुलाबी पदर यंत्राच्या मनचा होता. चाचांनी सांगितले, हजच्या वेळी अम्मांच्या डोक्यावर पांढराच पदर होता.

आम्ही काय केले

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या दुकानात बसलो. जे केले ते क्रमाने सांगतो, म्हणजे आपल्या घरी करता येईल.

पहिली गोष्ट, फोटो ओल्या कापडाने पुसला नाही. मऊ, कोरड्या ब्रशने वरची धूळ तेवढी झटकली. मग मोबाइलऐवजी झेरॉक्सच्या यंत्रासोबतच्या सपाट स्कॅनरवर तो 1200 डीपीआयने स्कॅन केला. पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. 1200 ला तो 1654 बाय 2126 पिक्सेलचा होतो आणि त्यातून साडेपाच बाय सात इंचांचा चांगला प्रिंट निघतो. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत केला. कारण पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास दिसेनासे होतात. आम्ही नुसता लाल चॅनेल घेतला आणि कडेचे निम्मे डाग कुठलाही फिल्टर न लावता गेले.

दुसरी गोष्ट, मागची बाजूही स्कॅन केली. तिथे स्टुडिओचा पुसट शिक्का होता: 'जालना, जि. औरंगाबाद'. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. म्हणजे शिक्का त्याआधी बनलेला आणि फोटोही त्या सुमाराचा. हजचे साल घरात कुणाला नक्की आठवत नव्हते. त्या शिक्क्याने निदान दिशा दाखवली. फोटोचे पाठपानही बोलते, ते टाकून देऊ नका.

तिसरी गोष्ट, मूळ स्कॅन टिफ स्वरूपात जतन केला आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. सगळे काम त्याच्या नकलेवर. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, तो मूळ समजू नका. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मग फिल्टर. गिंपमध्ये लेयरची नक्कल केली, तिला डिस्पेकल लावला. ठिपके गेले, आणि अपेक्षेप्रमाणे चमकी व व्रणही गेले. आता त्या लेयरला मास्क जोडला आणि चेहऱ्याचा भाग काळ्या ब्रशने रंगवून टाकला. मास्कवर जिथे काळे, तिथे वरची लेयर दिसत नाही, खालची मूळ दिसते. म्हणजे पडदा आणि पदर चाळलेला, चेहरा न चाळलेला. मागच्या पडद्यावरची आणि पदरावरची घडी जी-मिकच्या 'इनपेंट' फिल्टरने भरली. तो शेजारचेच तुकडे उचलून मोकळी जागा भरतो, रफू करणारा त्याच कापडाचा धागा घेतो तसा.

चेहऱ्यावर मात्र एकही फिल्टर नाही. तिथले ठिपके 'हील' साधनाने एकेक करून हाताने काढले आणि चाचांना शेजारी बसवले. फोटो पडद्यावर मोठा करून प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "हा डाग की व्रण?" चाचा सांगत गेले. "हा राहू दे. हा कागदाचा. हा राहू दे, हा अम्माचाच." पाऊण तास हेच चालले. दोन ठिकाणी त्यांनाही सांगता येईना. ते ठिपके आम्ही तसेच ठेवले. नातवाने नंतर कबूल केले की पडदादीला देवी आल्या होत्या हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आजच्या मुलांनी तो रोग पाहिलेला नाही, त्यातून जगलेल्या माणसांचे चेहरेच काय ते उरले आहेत. तेही फिल्टरने पुसले तर मुलांना कोण सांगणार?

फोटो जातो कुठे?

काम संपल्यावर घरातील सूनबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आम्ही आधीच विचारायला हवा होता. "त्या अॅपमध्ये अम्मांचा फोटो टाकला, तो आता कुठे असेल?"

निजामाच्या काळातील एक गोष्ट त्यांना सांगितली. आपला मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ, ज्यांना निजामाने 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. पडद्यातील स्त्रिया पुरुष छायाचित्रकारासमोर येत नाहीत, हे ओळखून त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारी व्यक्ती स्त्रीच असे. आपला फोटो कोण घेणार, कोण पाहणार, याची काळजी त्या स्त्रियांना होती आणि एका व्यावसायिकाने तिचा मान ठेवला.

आज तीच काळजी आपण एका बोटाने सोडून देतो. मोबाइलवरची बरीच अॅप फोटो कंपनीच्या दूरच्या संगणकावर पाठवतात, तिथे काम होते आणि उत्तर परत येते. फोटोशॉपच्या न्यूरल फिल्टर्सपैकीही काही आपल्या संगणकावर चालतात, तर काही कंपनीच्या संगणकावर. गिंप आणि जी-मिक मात्र पूर्णपणे आपल्याच संगणकावर काम करतात. ओळखायचे कसे? सोपी परीक्षा आहे. इंटरनेट बंद करा आणि फिल्टर लावून पाहा. चालला तर काम घरातच होते आहे. 'नेटवर्क नाही' म्हणाला तर फोटो बाहेर जातो, हे समजून ठरवा. घरातील मुली-सुनांचे फोटो तरी त्यांना विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका.

स्थळाचा फोटो, कागदाचा फोटो

गुळगुळीत करणारा फिल्टर सगळ्यात जास्त चालतो तो दोन ठिकाणी, लग्नाच्या अल्बममध्ये आणि स्थळासाठी पाठवायच्या फोटोत. अल्बममध्ये थोडा उजेड वाढवला, घामाची चकाकी कमी केली, तर कुणाचे नुकसान नाही. स्थळाच्या फोटोची बाब वेगळी. बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण सगळे ऐकत आलो आहोत. सावळा वर्ण हा काही दोष नाही, ओल नाही. पण तो लपवला की तो दोष आहे असे आपणच मुलीला सांगतो, आणि समोरच्यालाही खोटे दाखवतो. बघायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर मग जे उमटते, ते त्या मुलीला सोसावे लागते, फोटोवाल्याला नाही. आणि हे मुलांच्या फोटोलाही तितकेच लागू.

कागदपत्रांचा फोटो तर अजिबात चाळू नये. पासपोर्टच्या फोटोत संगणकावर बदल केलेला चालत नाही. पार्श्वभूमी पांढरी हवी तर पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहा. फोटो काढताना दुकानदाराला आधीच सांगा, "चेहऱ्याला काही करू नका." पुष्कळ दुकानांत ग्राहकाने न सांगताच चेहरा उजळून देतात, सवयीने.

पेटीत परत

दुपारी नव्या फोटोचा प्रिंट निघाला. पडदा स्वच्छ, पदरावरची घडी नाहीशी, चेहरा होता तसा. चाचांनी चष्मा पुसून आधी डावी भुवई पाहिली. खड्डा जागेवर होता. "लहानपणी मी तिथे बोट घालायचो, ती रागवायची," म्हणाले.

प्रिंटच्या मागे नातवाने पेन्सिलने लिहिले: अम्मांचे नाव, '1981 च्या आधी, जालना', आणि 'पडदा व पदर दुरुस्त केला आहे, चेहऱ्यावर फक्त कागदाचे डाग काढले आहेत'. हे लिहिणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला काय मूळचे आणि काय आपण केलेले, हे कळले पाहिजे. मग त्याने खानदानाच्या ग्रुपवर नवा फोटो टाकला आणि सोबत संदेश लिहिला की आधीचा फोटो यंत्राने बनवलेला होता, तो काढून टाकावा. संभाजीनगरच्या नातेवाइकांना त्याने वेगळा फोन केला. ते थोडे नाराज झाले, कारण फ्रेमचा खर्च झाला होता. पण नवा प्रिंट पाठव म्हणाले.

मूळ फोटो कागदी पाकिटात घालून पेटीत गेला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते. आपल्या घरात असा एकच फोटो असेल, तर पुढच्या पावसाळ्याच्या आत तो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घ्या. आणि दुरुस्तीला बसाल तेव्हा ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिले आहे, अशा घरातील सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी खुर्ची द्या.